मेंढीच्या मेंदूची लस

निपाणीच्या बाजारात मला बघून वाट बदलणारी माणसं अजून आहेत. त्यांचं माझ्याशी काही भांडण नाही. कधी काळी कुत्रं चावलं म्हणून ती आमच्या दवाखान्यात आली आणि मी रोज सकाळी त्यांच्या पोटात सुई खुपसली, चांगले चौदा दिवस. लोक तोंडावर मला दत्तबा कंपौंडर म्हणत, माघारी सुईवाला म्हणत, आणि पोर जेवेना झालं की आया माझ्या नावानं भीती घालत. आता नोकरी संपली. 'दवाखान्यातल्या गमती लिहा' असं या अंकाच्या संपादकांचं म्हणणं आहे. गमती आहेत आणि त्यातल्या एक-दोन सांगतोही. पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढं जो माणूस येतो तो गमतीचा नाही.

आधी आमचं काम समजावून सांगतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रोगाचा जंतू असतो. कुत्रं चावलं की लाळ जखमेत उतरते. हा जंतू इतरांसारखा रक्तात शिरत नाही. तो मज्जातंतू धरतो आणि बांधावरून चालणाऱ्या माणसासारखा सावकाश मेंदूकडं निघतो. पायाला चावलं तर वाट लांबची, तोंडाला चावलं तर जवळची. म्हणून कुणी पंधरवड्यात जातो, तर कुणी दोन-तीन महिने हिंडूफिरून मग आजारी पडतो. मेंदूत पोचला की औषध नाही. तिथून तो लाळेच्या ग्रंथींत उतरतो, आणि त्याच सुमाराला मेंदू असा नासवतो की कुत्रं दिसेल त्याला चावत सुटतं. एवढासा जीव, पण एका घरातून दुसऱ्या घरी जायची सोय त्यानं अशी करून ठेवली आहे. माणसाला तर पाणी गिळता येत नाही. पेला नुसता पुढं केला तरी नरडं आवळतं. लस उपयोगी पडते ती जंतू वाटेत असतानाच, तो पोचायच्या आत अंगाला सावध करायचं, एवढंच तिचं काम.

दवाखान्यात येण्याआधी काही वर्षं मी एका प्रयोगशाळेत नोकर होतो. ही लस तिथं तयार व्हायची. भांडी उकळायची, सशांना चारा घालायचा आणि साहेबांच्या हाताखाली उभं राहायचं, हे माझं काम. हा जंतू सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. साहेब रोगी मेंदू पाण्यात कालवून ते पाणी चिनी मातीच्या गाळणीतून गाळत. पुष्कळ रोगांचे जंतू त्या गाळणीत अडकतात, हा अडकत नाही. खाली नितळ पाणी पडायचं आणि ते टोचलं की ससा लुळा होऊन मरायचा. जे दिसत नाही ते आहे, एवढं कळायलाच किती ससे लागायचे. लसीसाठी हा जंतू एका सशाच्या मेंदूतून दुसऱ्या सशाच्या मेंदूत असा पिढ्यान्‌पिढ्या फिरवून त्याचा स्वभाव बदललेला असे. मग तो मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, मेंढी मारायची, मेंदू खलात घोटायचा, कार्बॉलिक ॲसिड घालून जंतू मारायचा आणि बाटल्या भरायच्या. मी घरचा मटण खाणारा माणूस, पण खलाचं काम असलं की दुपारचा डबा न उघडता परत न्यायचो.

कुत्रं खरोखर पिसाळलेलं होतं का, हे कळायला दोन वाटा. एक म्हणजे त्याला बांधून दहा दिवस बघायचं. लाळेत जंतू उतरलेलं कुत्रं तेवढ्यात मरतंच; जगलं तर चावलेला माणूस सुटला. दुसरी म्हणजे मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासायचा. जंतू दिसत नसला तरी रंग दिलेल्या पेशींत त्यानं केलेले लालसर ठिपके दिसतात. आमचे लोक मात्र आधी कुत्र्याचं डोकं काठीनं फोडायचे आणि मग छाती पुढं काढून दवाखान्यात यायचे. 'मारूनच आलोय त्येला' असं सांगताना चेहरा बघण्यासारखा असायचा. एकानं भाकरीच्या बुट्टीत फडक्याखाली डोकं आणलं होतं, पण ते इतकं ठेचलेलं की त्यात तपासायला काही उरलं नव्हतं. एक पैलवान निम्म्या सुया झाल्यावर खिडकीतून पळाला, त्याला त्याच्या आईनं कान धरून परत आणलं. आणि एक बाई भांडणात शेजारीण चावली म्हणून सुई मागायला आली होती. 'तिच्या लाळंत काय कमी इख हाय?' असं तिचं म्हणणं. डॉक्टरसाहेब आत जाऊन हसून आले.

कुत्रं न मारता आलेला पहिला माणूस म्हणजे बाबगोंडा. निपाणीहून चिकोडीकडं जाताना लागणाऱ्या एका गावातला हा जैन शेतकरी, घरची तंबाखूची शेती आणि थोडा व्यापार. थंडीचे दिवस होते. मुलीला, पद्माला, खांद्यावर घेऊन आला. पोरीच्या पिंढरीला दातांचे वण होते. मी जखम साबणानं धूत धूत नेहमीचा प्रश्न विचारला, कुत्रं कुठाय.

"परड्यात बांधलंय. दारातलंच हाय, राजा म्हनून. गावकरी काठ्या घिऊन आलते, आप्पांनी मारू दिलं न्हाय. दारात आडवं झोपलं."

आप्पा म्हणजे त्याचे वडील, भूपालआप्पा. मला इतका आनंद झाला की मी सुई तापवता तापवता बाबगोंडाला म्हणालो, तुमच्या वडिलांचे पाय धरले पाहिजेत. पद्माच्या सुया त्याच दिवशी सुरू झाल्या, आणि कुत्रं बघायला म्हणून दुपारी सायकल काढून मी त्यांच्या गावी गेलो.

परड्यात आप्पा कुत्र्यापुढं बसले होते. सत्तरीचे असतील, उंच, वाळके, डोईला पांढरा रुमाल. कुत्र्याचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. भुंकणं घोगरं झालं होतं. लांबूनच मला निकाल कळला. आप्पांनी करवंटीत पाणी घेतलं होतं आणि दुसऱ्या हातानं ओलं धुडकं कुत्र्याच्या तोंडाला लावत होते. बोटांना थंडीनं आणि तंबाखूच्या चिकानं पडलेल्या भेगा होत्या, काही लाल, काही उललेल्या.

"आप्पा, मागं सरा. हात लावू नका त्याला."

"तहान लागल्या रं त्येला. घशाखाली उतरंना, म्हनून ओठ तरी भिजवतोय."

"चावलं का तुम्हाला?"

"न्हाय. ओळखतंय मला. चाटतंय नुसतं."

मी त्यांना ओढून विहिरीवर नेलं आणि राख-साबणानं हात घासायला लावले. घासताना भेगांतून रक्त आलं.

तीन दिवसांत कुत्रं मेलं. डोकं तपासायला पाहिजे, हे सांगताना मी चाचरत होतो. मारण्याला आडवे आलेले आप्पा कापण्यालाही येणार असं मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "जीव गेला, आता माती हाय. ने." मी डोकं काढलं, मेंदूचे तुकडे ग्लिसरीनच्या बाटलीत घातले आणि बेळगावहून रेल्वेनं प्रयोगशाळेला पाठवले. निकाल जो यायचा तोच आला. पद्माच्या सुया पुऱ्या करायच्या ठरल्या, आणि डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं, म्हाताऱ्यांनाही घेऊन या.

आप्पा आले. बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसले. मला चावलंच नाही, म्हणाले. मी लाळ आणि भेगा आणि मज्जातंतू हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं त्ये औषध कशाचं करत्यात?"

मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? बाजारात निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

आप्पांनी जैन मुनी महाराजांकडून व्रतं घेतली होती. कांदा-बटाटा नाही, दिवस मावळल्यावर अन्नपाणी नाही, मारलेल्या जिवाचं काही अंगात घ्यायचं नाही. मी म्हणालो, "आप्पा, मेंढी कधीच मेली. लस बाटलीत तयार आहे. तुमच्यासाठी कुणी नवी मारणार नाही."

"माझ्यासाटनं न्हाय मारली, पर माझ्यासारख्यांच्यासाटनंच मारली न्हवं? आन ही बाटली सरली की तू दुसरी मागवशीलच की."

मग मी दुसरीकडून गेलो. "पद्माला चालतं ते तुम्हाला का नाही?"

"तिनं व्रत घेतलं न्हाय. ल्हान हाय. तिच्या वाटचं पाप माझ्याकडं लावा. पर तिची सुई चुकवू नगा."

बाबगोंडानं मला बाहेर बोलावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. टायफॉईडची म्हणून टोचा, म्हणाला, आप्पांना काय कळतंय. खरं सांगतो, मला ते पटलं होतं. पण पोटातल्या चौदा सुया लपवायच्या कशा? शेंबडं पोरसुद्धा ओळखतं त्या. आणि डॉक्टरसाहेब फसवून टोचायला कधीच तयार झाले नसते. आप्पा चालत गावी गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, "रोग हाय का न्हाय, त्ये मला कळंल कसं?"

मी म्हणालो, आधी जिथून जंतू शिरला तिथं मुंग्या आल्यासारखं होतं. मग अंग मोडून येतं. मग पाणी.

पद्माच्या सुया संपल्या तरी आठवड्याला एक फेरी मी त्या गावी करू लागलो. काम नव्हतं, पण पाय तिकडं वळत. आप्पा घरापुढच्या वट्ट्यावर बसून असायचे. लांबूनच उजव्या हाताचं बोट वर करून हलवायचे आणि म्हणायचे, "न्हाय आल्या मुंग्या." मग गुळपाणी द्यायचे आणि माझ्याकडून जंतूची हकिकत पुन्हा पुन्हा ऐकायचे. चिनी मातीच्या गाळणीचं त्यांना फार कौतुक.

"आमी पानी कापडानं गाळून पितो, त्ये कशापायी? बारीक जीव मरू नयेत म्हनून. तुमी गाळताय त्ये मारायला."

"मारायला नाही आप्पा, ओळखायला."

"बरं, ओळखायला. पर तुमच्या गाळणीतनंबी त्यो निसटला म्हनतोस. आमच्या शास्त्रात असलं डोळ्याला न दिसणारं जीव लई सांगितल्यात. लोक हसत्यात. तू काय हसत न्हाईस." आणि गुळपाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवत, "त्येलाबी जगायचंच आसंल रं. त्येचं तरी काय चुकलं."

मला हसू आलं होतं तेव्हा. इतकी वर्षं त्या जंतूचा द्वेष करून मी पोट भरलेलं, आणि हा माणूस त्याची बाजू घेत होता. पण असंही सांगतो, प्रयोगशाळेत मोठमोठ्या साहेबांनी जे कधी विचारलं नाही ते आप्पा विचारायचे. ससा लुळा पडला की त्याला पाणी पाजत होता का, असं एकदा विचारलं. मी म्हणालो, हो. ते खोटं नव्हतं, पण रोज पाजत होतो असंही नाही. माझ्या घरातली माणसं एव्हाना मला चिडवू लागली होती की तू व्रत घेऊन परत येणार. मी फक्त त्या फेरीच्या दिवशी मटण खात नव्हतो, तेवढंच.

उन्हाळा लागला तसा माझा जीव भांड्यात पडू लागला. बोटापासून मेंदूची वाट काही फार लांब नसते. आता सुटले, असं डॉक्टरसाहेबही म्हणाले. आणि मग एका सकाळी बाबगोंडा दवाखान्याच्या दारात उभा. आप्पांच्या बोटाला मुंग्या आल्या होत्या. चार दिवसांपूर्वीच आल्या होत्या, पण त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. आधी महाराजांकडं जाऊन आज्ञा घेतली, अन्न सोडलं, आणि मग सांगितलं. काल पाणीही सोडलं. जैन लोकांत म्हातारपणी किंवा असाध्य दुखण्यात असं शांतपणे देह सोडायची रीत आहे, सल्लेखना म्हणतात. हट्टानं उपाशी मरणं नव्हे ते. पण माझ्या डोक्यात त्या वेळी तो फरक शिरत नव्हता.

डॉक्टरसाहेब आणि मी लगोलग गेलो. आप्पा चटईवर पडले होते, आजूबाजूला चार-सहा माणसं हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणत होती. आप्पांनी मला ओळखलं.

"आल्या बघ दत्तबा मुंग्या. त्यो आता माझं पानी हिसकावून घेणार. त्येच्या आधी मीच सोडलं."

डॉक्टरसाहेबांनी नाडी बघितली. थोडा ताप होता. हात-पाय हलत होते, बोलणं शुद्धीचं होतं. रोग आहे का नाही, हे ठरवायला आमच्यासारख्यांच्या हातात एकच परीक्षा असते. पाण्याचा पेला पुढं करायचा आणि नरड्याकडं बघायचं. डॉक्टरसाहेबांनी बाबगोंडाकडं पाणी मागितलं. तो जागचा हलला नाही. आप्पांनी मान हलवली. ज्यानं पाण्याचा त्याग केला आहे त्याच्या ओठाला पेला लावणार कोण? मग साहेबांनी सुपानं थोडा वारा घातला; या रोगात वाऱ्याच्या झुळकीनंही घसा आवळतो. घसा हलला. आवळला, असं साहेबांना वाटलं. मला वाटलं, कालपासून घोटभर पाणी नसलेला माणूस थुंकी गिळेल तसा हलला.

परत येताना मी साहेबांना विचारलं, पाणी प्यायला लावता आलं असतं का. 'उद्या पुन्हा जाऊन ये,' ते म्हणाले.

आप्पा पुढं चारएक दिवस होते. मी रोज जात होतो. आरडाओरडा नाही, झटके नाहीत, लाळ नाही. या रोगानं मरणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांना खाटेला बांधावं लागतं. काही थोडे निपचित पडूनही जातात, हेही खरं. आप्पा मंत्र ऐकत ऐकत गेले. माझ्या पिशवीत ग्लिसरीनची बाटली होती. मेंदूचा एक तुकडा मिळाला असता तर सगळं कळलं असतं. आप्पा शुद्धीत असताना विचारलं असतं तर त्यांनी 'ने' म्हटलं असतं, अशी माझी खात्री आहे. पण बापाची चिता रचणाऱ्या मुलाला हे विचारण्याइतकी माझी जीभ धजली नाही आणि तशी ती धजायलाही नको होती.

तेव्हापासून हे माझ्या मनातून गेलेलं नाही. लाळ लागलेल्या सगळ्यांना रोग होत नाही, कित्येकांना होतच नाही. मी हात लगेच धुवायला लावले होते. आणि बोटाला मुंग्या येणं हे काय त्या एकाच रोगाचं लक्षण आहे? सत्तरीच्या माणसाचं बोट, जन्मभर तंबाखू खुडून भेगाळलेलं, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रोज उठल्याबरोबर चाचपलेलं. अशा बोटाला मुंग्या आल्या नसत्या तरच नवल. मी खुणेचं नाव सांगितलं आणि ते तिची वाट बघत बसले. कधी वाटतं जंतूनं त्यांना नेलं, कधी वाटतं जंतू त्यांच्या अंगात कधी शिरलाच नव्हता आणि एक चांगला, धडधाकट माणूस आमच्या शास्त्राच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून उपाशी गेला. प्रयोगशाळेतल्या साहेबांना मी एकदा विचारलं होतं की मेंढीशिवाय ही लस निघणार नाही का. बघू, म्हणाले होते. अजून निघालेली नाही. कधी निघालीच तर ती आप्पांना उशिराच मिळाली, असं मी समजेन.

कार्य झाल्यावर महिन्याभरानं बाबगोंडा दवाखान्यात आला. कुणी आजारी नव्हतं. गर्दी हटेपर्यंत बाकावर बसून राहिला. मग जवळ आला आणि म्हणाला, "दत्तबा, गावात लोक बोलत्यात. म्हाताऱ्याला काय बी झालं नव्हतं म्हनत्यात, पोरानं उपाशी ठेवला म्हनत्यात. तुमी त्यातलं जाणकार. आप्पांस्नी त्योच रोग व्हता न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय. त्योच व्हता. मी शंभर बघितल्यात."

तो तिथंच खाली बसला आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडला. बरं वाटलं, म्हणाला. मग तोंड धुऊन गावी गेला. त्याला मराठी बोलता येतं, पण त्याची शाळा कन्नड. हा अंक तो वाचणार नाही. पद्मा मात्र निपाणीच्या मराठी शाळेत शिकली, आता मोठी झाली आहे आणि हाताला लागेल ते वाचते. हे तिच्या वाचनात आलं, तर बाई, वडिलांना सांगू नकोस.